दप्तराचे धनी नाना फडणवीस

ज्या पिशवीत वह्या-पुस्तके भरून विद्यार्थी शाळेस येतात तीस आपण मराठी माणसे दप्तर म्हणतो. माळव्यातील आपले शेजारी तीस बस्ता म्हणतात. दोन्ही शब्द आपल्याकडे फारसीतून आले. बस्ता म्हणजे बांधलेले. दप्तर हा शब्द त्याहून दूरचा प्रवासी आहे. ग्रीक भाषेत कमावलेल्या कातड्यास डिफ्थेरा म्हणत, त्यावरून लिहिण्याचे कातडे, मग वही, मग वह्या ठेवण्याची जागा आणि अखेर राज्याची कचेरी असे त्याचे अर्थ वाढत गेले. शाळकरी मुलाच्या खांद्यावर तो फार उशिरा येऊन बसला. मराठी राज्यात हा शब्द ज्यांच्या नावाशी कायमचा जोडला गेला, त्या बाळाजी जनार्दन भानू ऊर्फ नाना फडणवीस यांचे चरित्र या अंकाच्या वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

हे चरित्र निवडण्यास निमित्त झाले संगणकाचे. फाइल उघडणे, तीत ओळी लिहिणे, ती बंद करणे आणि नावे व आकडे रकान्यांत नीट उभे करणे, या गोष्टी आज विद्यार्थ्यांस संगणकाच्या तासाला शिकवितात. पायथनसारख्या भाषेत दहा-बारा ओळींत उरकणारे हे काम अठराव्या शतकात बोरू, शाई, कागद आणि कारकून यांच्या बळावर चाले, आणि त्यावर एका मोठ्या राज्याचा कारभार उभा असे. धार-देवासच्या वाचकांस नानांविषयी जिव्हाळा वाटावा असे आणखी एक कारण आहे. ते पुढे ओघाने येईल.

नानांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ रोजी साताऱ्यास झाला. भानूंचे मूळ गाव वेळास. बाणकोटच्या खाडीजवळचे हे समुद्रकाठचे गाव आज कासवांच्या पिलांसाठी नावाजले आहे. (आमची मातृभाषा कोकणी असल्यामुळे किनाऱ्यावरच्या गावाचे नाव आले की लेखणी थोडी रेंगाळते, वाचकांनी क्षमा करावी.) नानांचे आजोबा बाळाजी महादेव हे बाळाजी विश्वनाथ पेशव्यांबरोबर दिल्लीस गेले होते. तेथे १७१९ मध्ये झालेल्या दंगलीत ते मारले गेले. धन्याच्या कामी प्राण वेचलेल्या या घराण्याकडे पुढे फडणिशी आली. वडील जनार्दन बल्लाळ १७५६ मध्ये वारले, तेव्हा नानांचे वय अवघे चौदा वर्षांचे होते. आजच्या हिशेबाने आठवी-नववीतील मुलगा. त्या वयात पेशव्यांच्या फडणिशीची वस्त्रे त्यांच्या अंगावर आली. लेखन, वाचन, हिशेब आणि धर्मग्रंथांचे अध्ययन हे पेशव्यांच्या मुलांबरोबरच झाले होते. प्रकृती नाजूक, अंगकाठी सडपातळ, घोडदौडीची वा तलवारीची हौस नाही, असा हा मुलगा होता.

पाच वर्षांनी तो पानिपतावर होता. सदाशिवरावभाऊंच्या सैन्याबरोबर तीर्थयात्रेच्या निमित्ताने अनेक कुटुंबे उत्तरेस गेली होती. नानांची आई रखमाबाई आणि पत्नी यशोदाबाई याही त्यांत होत्या. १४ जानेवारी १७६१ रोजी सारे उधळले. धारचे यशवंतराव पवार त्या दिवशी रणात पडले. नानांनी अंगावरचे कपडे टाकले आणि रानावनातून, रात्रीबेरात्री, उपाशी व अर्धवट उघड्या स्थितीत दक्षिणेची वाट धरली. पत्नी पुढे सुखरूप भेटली. आई पुन्हा कधी भेटली नाही. ही सर्व हकीकत नानांनी स्वतः लिहून ठेविली. लहानसेच आत्मचरित्र ते. त्यात बढाई नाही, आपली भीती आणि आपले दोष लपविलेले नाहीत. १८२९ च्या सुमारास जॉन ब्रिग्ज या इंग्रजाने त्याचे भाषांतर लंडनमध्ये प्रसिद्ध केले. जे घडले ते कागदावर उतरले पाहिजे, ही नानांची वृत्ती या लेखनातही दिसते.

पानिपताहून परतल्यावर थोरल्या माधवरावांच्या अमदानीत नाना खऱ्या अर्थाने फडावर बसले. माधवराव कडक शिस्तीचे. हिशेबाची दिरंगाई त्यांस खपत नसे. पुण्याच्या हुजूर दप्तरात भरभराटीच्या काळी दोनशेवर कारकून राबत असत. त्याचे दोन मोठे भाग होते. एक चालते दप्तर. ते फडणिसांच्या थेट हाताखाली असे. दुसरे एकबेरीज दप्तर. चालू कामास न लागणारे सर्व खात्यांचे हिशेब शेवटी येथे येऊन जमत आणि हे दप्तर पुण्यातून हलत नसे. चालत्या दप्तरात फड, बेहेडा, सरंजाम अशी खाती होती. हुकूम, सनदा आणि रोजची जमाखर्चाची नोंद फडात होई. येत्या वर्षाच्या उत्पन्नाचा अंदाज बेहेड्यात बांधीत. सरंजामात फौजेचा हिशेब राही. एकबेरजेत तर्जुमा आणि खतावणी असे गोषवाऱ्याचे कागद तयार होत. तर्जुमा म्हणजे जमा, खर्च व बाकी यांचा एकत्रित ताळा. खतावणीत एकेका बाबीचा वर्षावर्षाचा खर्च अक्षरानुक्रमाने लावून ठेवलेला असे. एखाद्या देवस्थानास वीस वर्षांपूर्वी किती नेमणूक होती हे पाहावयाचे तर वीस वर्षांच्या वह्या उलटण्याचे कारण नव्हते. खतावणीतील त्या नावाचे पान उघडले की पुरे.

आता रोजकीर्दीचा एक कागद डोळ्यांपुढे आणून पाहू. कारकून प्रथम कागदावर आडवी रेघ ओढी आणि तिच्याखाली मोडी अक्षरे टांगीत जाई. मोडीत हात फारसा उचलावयाचा नाही, शब्द तोडावयाचे नाहीत. मग वाचणाराने थांबावे कोठे? ते मांडणीवरून कळे. आज आपण बेरीज तळाशी लिहितो. त्या काळच्या हिशेबात ती माथ्यावर येई. तिच्याखाली ‘पैकी’ असे लिहून तपशिलाच्या रकमा रकान्यांनी मांडीत, आणि एखाद्या रकमेचे पुन्हा पोटभाग असतील तर ते तिच्याखाली आणखी लहान रकान्यांत उतरत. जसे झाडाचे खोड वर आणि फांद्या खाली. वरून पाहणाऱ्या पेशव्यास एका ओळीत उत्तर मिळे. शंका आली तर नजर खाली नेली की झाले. रुपयाचा पाव, अर्धा, पाऊण हे उभ्या दंडांनी दाखवीत आणि आणे आडव्या रेघांनी. अशा दोन-तीन रेघांचे स्थान चुकले की रक्कम बदलली! म्हणून रकाना सरळ असणे हा शोभेचा भाग नव्हता.

संगणकाच्या भाषेतही रकान्याची रुंदी आधी ठरवावी लागते. नावाला वीस जागा, रकमेला दहा जागा असे सांगितले की नाव डावीकडे टेकून बसते, रक्कम उजवीकडे टेकते आणि उरलेल्या जागा यंत्र रिकाम्या भरून काढते. नाव डावीकडे आणि रक्कम उजवीकडे का, असे मुले विचारतात. एकंखाली एकं, दहंखाली दहं आल्याशिवाय बेरीज करता येत नाही, हे पहिलीच्या पाटीवर शिकलेले उत्तर येथेही खरे आहे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट फाइल कोणत्या रीतीने उघडावी ही. पायथनमध्ये फाइल उघडताना एक अक्षर सांगावे लागते. ‘आर’ म्हटले तर ती केवळ वाचण्यासाठी उघडते. ‘डब्ल्यू’ म्हटले तर लिहिण्यासाठी उघडते खरी, परंतु आधीचा सर्व मजकूर त्या क्षणीच पुसला जातो. ‘ए’ म्हटले तर जुने जसेच्या तसे राहते आणि नवी ओळ शेवटास जोडली जाते. एका अक्षराच्या फरकाने वर्षाचा हिशेब नाहीसा होऊ शकतो. पेशव्यांची रोजकीर्द ही या तिसऱ्या जातीची फाइल होती. आज जे घडले ते कालच्याखाली, उद्याचे आजच्याखाली. मागचे पान खरवडून नवे लिहावयाचे नाही. आणि फाइल उघडली तशी ती बंदही करावी लागते, नाहीतर लिहिलेले यंत्राच्या तात्पुरत्या स्मरणातच राहून जाण्याची भीती असते. मराठी पत्राच्या अखेरीस लेखनसीमेचा लहानसा शिक्का उठवीत. मजकूर येथे संपला, याच्याखाली जे असेल ते आमचे नव्हे, असा त्याचा अर्थ. जुन्या कर्जरोख्यांत रकमेपुढे तिच्या निम्म्याचा आकडाही लिहीत, तोही याच सावधगिरीने. शंभराचे हजार करणाऱ्यास पन्नासाचेही पाचशे करावे लागावेत!

एक अडचण मात्र त्या पद्धतीत होती. सरकारी कागदांवर शुहूर सन घालीत आणि तो अरबी शब्दांत लिहीत. त्यात एकं आधी, मग दहं, मग शंभर व हजार. १७७४ च्या मृग नक्षत्रापासून पुढच्या मृगापर्यंतचे वर्ष घ्या. त्याचे नाव खमस सबैन मया व अलफ, म्हणजे पाच, सत्तर, शंभर आणि हजार, अर्थात ११७५. मुरलेल्या कारकुनास यात काही वाटत नसे. परंतु या नावांच्या फाइली संगणकास अनुक्रमाने लावावयास सांगितल्या तर तो सगळे ‘खमस’ एका ठिकाणी आणील आणि १७६४ चा कागद १७७४ च्या शेजारी बसवील. म्हणूनच फाइलीच्या नावात आज वर्ष आधी, मग महिना, मग दिवस घालावा असे शिकवितात. मग अक्षरांचा क्रम आणि काळाचा क्रम एकच होतो.

हे वर्ष आम्ही सहज निवडलेले नाही. याच खमस सबैन मया व अलफ सालात धारच्या किल्ल्यात एक मूल जन्मास आले, आणि येथून नानांच्या चरित्रात आपला गाव शिरतो.

माधवराव नोव्हेंबर १७७२ मध्ये क्षयाने गेले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी त्यांचे धाकटे बंधू नारायणराव पेशवे शनिवारवाड्यात मारले गेले आणि चुलते रघुनाथराव गादीवर बसले. नाना, सखारामबापू आदी मुत्सद्द्यांनी त्यांच्याविरुद्ध जी जूट केली ती बारभाई या नावाने प्रसिद्ध आहे. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई यांस मुलगा झाला. तेच सवाई माधवराव. चाळीस दिवसांचे ते मूल पेशवा झाले आणि कारभार बारभाईंकडे आला. रघुनाथराव उत्तरेकडे, मग गुजरातेत आणि अखेर इंग्रजांकडे वळले. आपल्या गरोदर पत्नीस, आनंदीबाईस, त्यांनी धारच्या किल्ल्यात ठेविले. यशवंतरावांचे पुत्र खंडेराव पवार यांनी रघुनाथरावांचा पक्ष धरला होता. जानेवारी १७७५ मध्ये तेथे आनंदीबाईच्या पोटी बाजीराव जन्मले. किल्ल्यातील खरबुजा महाल ही ती जागा असे सांगतात. पुण्याच्या फौजेने किल्ल्यास वेढा घातला, पवारांचा मुलूख जप्त झाला. शेवटी मायलेकरे स्वाधीन केल्यावर तो परत मिळाला. पुरंदरावरचे एक मूल आणि धारेतले दुसरे. पुढची वीस वर्षे नानांची सारी बुद्धी पहिल्याला राखण्यात आणि दुसऱ्याला दूर ठेवण्यात गेली.

देवासकर पवारांचे प्रकरण वेगळे. तुकोजी आणि जिवाजी या दोघा भावांनी राज्य वाटून घेतले, त्यांच्या थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन शाखा झाल्या. दोहोंची गावे एकमेकांत गुंतलेली, शहरही एकच. अशा ठिकाणी दोन दप्तरे एकमेकांशी जुळती ठेवणे हे कारकुनांचे केवढे काम असेल! देवासच्या वाचकांपैकी कोणाच्या घरी जुने कागद असतील तर दोन्ही पात्यांचे एकाच सालचे हिशेब शेजारी ठेवून पाहावेत, असे आम्हांस सुचवावेसे वाटते.

इंग्रजांशी झालेल्या युद्धाचा वृत्तांत पाठ्यपुस्तकात आहे, म्हणून येथे थोडक्यात सांगतो. १७७६ चा पुरंदरचा तह टिकला नाही. जानेवारी १७७९ मध्ये वडगाव येथे मुंबईकर इंग्रजांची फौज कोंडली गेली. १७८२ च्या सालबाईच्या तहाने रघुनाथरावांचा प्रश्न मिटला आणि पुढच्या वर्षी ते कोपरगावी वारले. मार्च १७९५ मध्ये खर्ड्यास निजामाचा पराभव झाला. त्या प्रसंगी शिंदे, होळकर, भोसले आदी मराठे सरदार अखेरचे एकत्र दिसले. या सर्व काळात नाना क्वचितच रणात गेले. दिल्ली, हैदराबाद, नागपूर, मुंबई येथून वकिलांची आणि बातमीदारांची पत्रे पुण्यास येत, उत्तरे जात, दोहोंच्या नकला दप्तरी राहत. ज्याच्याकडे गेल्या वीस वर्षांची पत्रे लावलेली असतात त्यास समोरच्या वकिलाचे आजचे बोलणे त्याच्याच मागच्या लिहिण्याशी ताडून पाहता येते. नानांची जी बुद्धी म्हणून वाखाणली जाते, तिचा निम्मा भाग हा असावा असे आमचे मत आहे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कागद जितके त्यांच्या मुठीत राहत, तितकी माणसे राहत नसत. मग ती ते पहाऱ्यात ठेवीत. आनंदीबाई १७९४ मध्ये गोदातीरी आनंदवल्लीस वारल्या, त्यानंतर बाजीराव व त्यांचे भाऊ जुन्नरास बंदोबस्तात ठेवले गेले. इकडे सवाई माधवराव वीस वर्षांचे झाले तरी त्यांच्या मागे-पुढे पहारेच होते. आपल्या कैदेतील चुलत्याशी या तरुण पेशव्याने चोरून पत्रव्यवहार सुरू केला. नानांस ती पत्रे कळली आणि पेशव्यासही त्यांचा रोष सोसावा लागला. दसऱ्यानंतर थोड्याच दिवसांत, ऑक्टोबर १७९५ मध्ये, सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या वरच्या मजल्यावरून खाली पडले व २७ तारखेस गेले. ज्याच्यासाठी नानांनी एवढे राज्य राखले, तो एकविशीतच संपला. या मुलाशी ते थोड्या मोकळेपणाने वागते तर काय झाले असते, हा प्रश्न दप्तरातील कोणत्याही खतावणीत सुटत नाही.

पुढचे वर्ष कारस्थानांचे गेले. नाना महाडास गेले आणि तेथून सूत्रे हलवून परतले. डिसेंबर १७९६ मध्ये धारच्या किल्ल्यात जन्मलेले ते मूल दुसरे बाजीराव या नावाने पेशवा झाले आणि नाना त्यांचे कारभारी. वर्ष सरले नाही तोच ३१ डिसेंबर १७९७ रोजी दौलतराव शिंद्यांच्या माणसांनी नानांस पकडले. अहमदनगरच्या किल्ल्यात काही महिने काढून ते सुटले, पुन्हा कारभारावर आले, पण जुने बळ राहिले नव्हते. १३ मार्च १८०० रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. मागे पत्नी जिऊबाई राहिल्या, त्याही अगदी लहान वयाच्या. त्यानंतर तीन वर्षे पुरी होण्यापूर्वी बाजीरावांनी वसईस इंग्रजांशी तह केला, आणि १८१८ मध्ये पेशवाई बुडाली.

बुडण्याची एक खूण दप्तरात आधीच दिसू लागली होती. दुसऱ्या बाजीरावांच्या काळात रोजच्या नोंदी ढिल्या पडल्या, कोणीही यावे आणि आपल्या कामाचा कागद घरी न्यावा असे झाले. नानांच्या हयातीपर्यंतचे रुमाल (कागदांचे गठ्ठे ज्या फडक्यात बांधीत त्यावरून गठ्ठ्यासही रुमाल म्हणत) भरगच्च, आणि पुढचे विस्कळीत. एल्फिन्स्टनने पुणे घेतल्यावर हे दप्तर मॅक्लाऊड या अधिकाऱ्याच्या ताब्यात दिले. त्याने ते लावून घेतले आणि त्याची व्यवस्था कशी होती याची माहिती लिहिली. वर सांगितलेली खात्यांची रचना आपणास कळते ती बरीचशी त्यावरूनच.

राज्य गेले तरी कागदांचे काम संपले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्रज सरकारने इनाम कमिशन नेमले आणि १८५२ च्या कायद्याने त्यास अधिकार दिले. पिढ्यान्‌पिढ्या जमिनी खाणाऱ्या कुटुंबांस पुरावा विचारण्यात आला. ज्याची सनद दप्तरातील नोंदीशी जुळली त्याची जमीन राहिली. ज्याच्या घरची सनद वाळवीने खाल्ली होती आणि दप्तरातही नोंद सापडली नाही, त्याच्या घरी काय अवस्था झाली असेल याची कल्पना करवत नाही. शंभर वर्षांपूर्वी एखाद्या अनाम कारकुनाने संध्याकाळी कंटाळून एक ओळ गाळली असेल, तर तिची किंमत त्याच्या नव्हे, भलत्याच कोणाच्या पणतवंडांनी मोजली.

पुढे अभ्यासकांची पाळी आली. वासुदेवशास्त्री खरे यांनी १८९२ मध्ये नानांचे चरित्र मराठीत लिहिले. गणेश चिमणाजी वाड यांनी रोजकीर्दींतून वेचे काढले, ते १९०२ ते १९११ या काळात पेशव्यांच्या रोजनिश्या म्हणून प्रसिद्ध झाले. १९३० ते १९३४ या अवघ्या चार वर्षांत गोविंद सखाराम सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड काढले. मूळ रुमाल पुण्याच्या पुरालेखागारात आहेत. नानांचा खासगी कागदसंग्रह वाईजवळ कृष्णाकाठी मेणवलीच्या त्यांच्या वाड्यात होता. दत्तात्रेय बळवंत पारसनीस यांनी तो उजेडात आणला आणि त्यांचा संग्रह १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आला. मेणवलीचा वाडा, घाट आणि तेथे टांगलेली वसईच्या मोहिमेतील घंटा सहलीस जाणाऱ्यांनी अवश्य पाहावी.

आता हे कागद वाचणारे थोडे उरले, कारण मोडी शाळेतून गेली. छापखान्याला बाळबोध सोपी पडली आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी व्यवहारातून उठली. संगणकाच्या फाइलीत तर ती लिहिण्याची सोयच नव्हती. संगणक अक्षर ओळखतो ते त्याच्या ठरलेल्या क्रमांकावरून, आणि मोडी अक्षरांस क्रमांक नव्हते. जगातील लिप्यांना असे क्रमांक देणाऱ्या युनिकोड या व्यवस्थेत प्रथम २००९ मध्ये पाव, अर्धा, पाऊण आणि आण्याच्या रेघा यांची चिन्हे आली. जून २०१४ मध्ये सातव्या आवृत्तीत मोडीची ७९ चिन्हे दाखल झाली. तेव्हापासून रोजकीर्दीतील एखादी नोंद, माथ्यावरची बेरीज आणि तिच्याखालचे पैकी धरून, मोडी अक्षरांतच फाइलीत उतरविता येते. तेवढी फाइल उघडताना ‘डब्ल्यू’ऐवजी ‘ए’ लिहावे.